परभणीहून संभाजीनगरला बदली: लेकरांना घेऊन कुठल्या भागात राहावं?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मिस्टरांना वाळूज एमआयडीसीतल्या कंपनीत नोकरी लागली, जूनच्या आत परभणीहून छत्रपती संभाजीनगरला हलायचंय. मुलगी सातवीत जाईल, मुलगा पहिलीत. सोबत सत्तरीच्या सासूबाई आणि त्यांचे दुखरे गुडघे. भाडं 15 हजारांपर्यंत, आणि दोन-तीन वर्षांनी जमलं तर स्वतःचं घर. शेवटी तुम्ही विचारलंय, "कंपनीपासून जवळचा चांगला एरिया कोणता?"

बावीस वर्षं मी या शहरात घरं दाखवते. मी स्वतः अंबाजोगाईहून इथं आले तेव्हा माझाही पहिला प्रश्न हाच होता, आणि तो चुकीचा होता. घरातला कमावता माणूस सकाळी जातो, रात्री येतो. त्या वस्तीत दिवस काढायचा असतो बाकीच्या चौघांना. त्यामुळे कंपनीपासूनचं अंतर शेवटी मोजा.

यात इथली एक सोय तुमच्या कामाची आहे. वाळूज आणि शेंद्र्याच्या बऱ्याच मोठ्या कंपन्या कामगारांसाठी बस चालवतात. सिडको, गारखेडा, रेल्वे स्टेशन असे तिचे थांबे ठरलेले असतात. घर बघायच्या आधी मिस्टरांना कंपनीतून बसचा मार्ग आणि शिफ्टच्या वेळा घ्यायला सांगा. थांबा चालत जाण्याइतका जवळ मिळाला, तर वाळूज पंधरा किलोमीटर आहे की वीस, यानं फार फरक पडत नाही. बसमध्ये झोप तरी होते. सासूबाईंना दवाखान्यात न्यायला कोणत्याही कंपनीची बस येत नाही. बस नसेल आणि मोटारसायकलवर जायचं असेल, तर मात्र वाळूजच्या बाजूचीच घरं बघा. रात्रपाळी करून पहाटे त्या रस्त्यानं गाडी चालवत येणं मला पटत नाही.

आता पाणी. तुम्ही परभणीच्या, म्हणजे पाण्याचं तुम्हाला मी सांगावं असं काही नाही. तरी इथला प्रकार वेगळा आहे. पुण्याकडून आलेली माणसं विचारतात, जायकवाडी शेजारी असून पाणी रोज का नाही? धरण भरलेलं असतानाही नळाला पाणी चार-पाच दिवसांनी, कुठं आठवड्यानं आल्याचे उन्हाळे या शहरानं पाहिलेत. अडचण धरणात नाही, नळात आहे. पैठणहून पाणी आणणाऱ्या जुन्या वाहिन्या 700 आणि 1400 मिलिमीटर व्यासाच्या. शहर केवढं वाढलं, त्या तेवढ्याच राहिल्या. नव्या 2740 कोटींच्या योजनेत 2500 मिलिमीटरची वाहिनी आहे. तिचं पाणी कोणत्या गल्लीपर्यंत पोहोचलंय, हे त्या गल्लीतल्या बाईलाच विचारा. "नवी लाइन आली की रोज पाणी" हे वाक्य घरमालकाच्या तोंडून ऐकलं, तर ते भाड्यात धरू नका.

घर बघताना मी आधी टाकी बघते, मग किचन. हिशोब सोपा आहे. शहरात माणशी दिवसाला 135 लिटर पाणी धरायचं असा सरकारी मापदंड आहे. तुम्ही पाच जण, म्हणजे 675 लिटर. काटकसर केली तर 500. पाणी सहा दिवसांनी येत असेल तर साठा हवा तीन-चार हजार लिटरचा. आणि गच्चीवर ठेवलेली असते हजार लिटरची एक काळी टाकी! ती दीड-दोन दिवसांत संपते. म्हणून जमिनीखाली हौद आहे का, तो केवढा, त्यावर मोटर कुणाची, आणि किती घरांत मिळून तो वापरायचा, हे विचारा. सोळा फ्लॅटची बिल्डिंग, घरटी चार माणसं धरली तर सहा दिवसांना पन्नास हजार लिटर लागतात. हौद वीस हजारांचा असेल तर उरलेलं पाणी टँकरनं येणार, आणि त्याचे पैसे मेंटेनन्सच्या नावाखाली तुम्हीच देणार. "मेंटेनन्स किती?" एवढंच विचारू नका, "गेल्या मे महिन्यात किती दिला?" असं विचारा. बोअर आहे म्हणाले तर एक तांब्या भरून चव घ्या आणि मार्चनंतर तो चालतो का ते शेजारी विचारा. डाळ शिजत नाही असं पाणी मी कैक घरांत पाहिलंय. मग प्यायला जार सुरू होतो, तो खर्च वेगळा.

आता माझी फजिती सांगते, तुमच्या उपयोगी पडेल. मी पहिलं घर घेतलं ते बीड बायपासच्या पलीकडं, देवळाईच्या अंगाला. रो-हाऊस. बघायला गेले ती फेब्रुवारीत. बिल्डरनं मुरूम टाकून रस्ता असा गुळगुळीत केला होता की विचारू नका. हवा मोकळी, समोर सातारा डोंगर, शेजारी शेत. मी खूश. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला आणि मुरमाच्या खालची काळी माती वर आली. आपल्याकडची काळी माती ओली झाली की काय करते ते तुम्हाला माहीत आहे, चप्पल तिथंच राहते, पाय तेवढा वर येतो. शाळेचा व्हॅनवाला दुसऱ्या दिवशी म्हणाला, "ताई, आत येणं जमणार नाही, लेकराला रोडवर आणून सोडा." अख्खा पावसाळा मी पोरीला कडेवर, दप्तर गळ्यात आणि तिचे बूट पिशवीत घेऊन मेन रोडपर्यंत गेले. ड्रेनेज नव्हतंच, शोषखड्डा भरला की वास घरात. चार वर्षांनी घर विकलं तेव्हा बायपासला दर बराच वाढला होता, म्हणून नुकसान झालं नाही. पण ते दिवस कोण भरून देणार?

सातारा-देवळाई महापालिकेत आलं त्याला आता साधारण दहा वर्षं होतील. तिथं आता पुष्कळ रस्ते झाले, बायपासही रुंद झाला, कमलनयन बजाज हॉस्पिटल त्याच बाजूला आहे. पण हा भाग एकसारखा नाही. एका गल्लीत सिमेंट रोड, पुढच्या गल्लीत अजून टँकर आणि उघडी नाली. म्हणून "देवळाई चांगलं का?" असं विचारण्यात अर्थ नाही. गल्ली विचारा. आणि कुठलंही बाहेरच्या बाजूचं घर हिवाळ्यात ठरवू नका. ठरवावंच लागलं, तर समोरच्या घराच्या कंपाउंडवर खालून चिखलाच्या रेघा किती उंच गेल्यात ते बघा. भिंत खोटं बोलत नाही, माणसं बोलतात.

आता भागांचं बोलू. कंपनीच्या दारात राहायचं असेल तर बजाजनगर. एमआयडीसीनं वसवलेला भाग, रो-हाऊस, जवळ बाजार, सगळ्या मराठवाड्यातली आणि खानदेशातली नोकरदार माणसं. परभणी-हिंगोलीचं कुणी ना कुणी भेटेलच. शेजारच्या पंढरपूरला, म्हणजे आपल्या छोट्या पंढरपूरला, आषाढीला एवढी गर्दी होते की त्या दिवशी तिकडून गाडी काढायची नाही, एवढं लक्षात ठेवा. सासूबाईंना मात्र ते देऊळ आवडेल. बजाजनगरचं उणं असं की मोठ्या दवाखान्यासाठी आणि मुलगी दहावीच्या पुढं गेली की क्लाससाठी शहर गाठावं लागतं. रांजणगाव, जोगेश्वरी या गावांच्या कडेला भाडं कमी दिसेल. तिथं खोल्यांच्या चाळी आहेत, एकट्या कामगारांसाठी बांधलेल्या. दोन लेकरं आणि म्हातारं माणूस घेऊन तिथं जाऊ नका, असं मी स्पष्ट सांगते. सिडकोचं वाळूज महानगर त्या मानानं आखीव आहे, रस्ते रुंद आहेत, पण काही सेक्टर अजून विरळ वस्तीचे. तिथं संध्याकाळी जाऊन बघावंच लागेल.

शहरात सिडकोचे एन-1 ते एन-13 हे भाग अजूनही माझे आवडते. चाळीस-पन्नास वर्षांमागं आखलेली वस्ती, पण आखणारानं शाळेला, मैदानाला, बागेला जागा सोडली होती. हल्लीच्या प्लॉटिंगमध्ये 'ओपन स्पेस' म्हणून एक तिरका तुकडा असतो आणि त्यात ट्रान्सफॉर्मर. सिडकोत लेकरू सायकल घेऊन एका बागेतून दुसऱ्या बागेत जाऊ शकतं. एन-5 चं कॅनॉट गार्डन, एन-8 ची बॉटनिकल गार्डन, ही सासूबाईंच्याही संध्याकाळची सोय. पण सगळे एन सारखे नाहीत. एन-1 आणि एन-11 यांच्या भाड्यात आणि गर्दीत खूप अंतर आहे, आणि वाळूज इथून शहराच्या दुसऱ्या टोकाला. बस असेल तरच.

तुमच्या घराला मला सगळ्यात बरा वाटतो तो गारखेडा, उल्कानगरी, जवाहर कॉलनी हा पट्टा. हेडगेवार रुग्णालय तिथंच, विभागीय क्रीडा संकुल सूतगिरणीजवळ, मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळा, क्लासेस, भाजीमंडई, सगळं रिक्षाच्या एका फेरीत. 15 हजारांत मोठं घर मिळणार नाही, जुन्या बिल्डिंगमध्ये दोन बेडरूमचा फ्लॅट बघावा लागेल. लिफ्ट नसेल तर तळमजला किंवा पहिला मजला. मोठ्या हॉलचा मोह सोडा.

चौथा पर्याय कांचनवाडी, पैठण रोडवर. वाल्मी ही पाणी-जमिनीच्या प्रशिक्षणाची सरकारी संस्था आणि विधी विद्यापीठ यांच्या परिसरामुळं तो रस्ता आता जागता आहे, लिंक रोडनं वाळूज बरंच जवळ पडतं. नव्या सोसायट्या, हवा मोकळी. पण दुपारी बारा वाजता तिथं जाऊन बघा, रस्त्यावर माणूस दिसत नाही. तरुण जोडप्याला चालतं. परभणीच्या गल्लीत पन्नास वर्षं काढलेल्या बाईला तिसऱ्या मजल्यावर बंद दाराआड ठेवलं, तर महिन्याभरात त्या म्हणतील, "मला गावाकडं नेऊन सोडा." हे मी बऱ्याच घरांत पाहिलंय. म्हाताऱ्या माणसाला वस्तीत लागतं काय? बसायला कट्टा, हरिपाठाला चार बाया, चालत जाता येईल असं देऊळ आणि ओळखीचा एक साधा डॉक्टर. ऊन उतरल्यावर अशा बाया कुठं बसलेल्या दिसतात, ते बघत फिरा. दिसल्या तर तिथंच गाडी थांबवा.

आणि वरच्या मजल्याचं. एप्रिल-मेमध्ये स्लॅब रात्री अकरापर्यंत तापलेला असतो. पश्चिमेच्या भिंतीला हात लावून बघा. कूलरला पाणी लागतं आणि पाण्याचं वर सांगितलंच.

शाळेचं गणित घराच्या आधी सोडवा. चांगल्या खाजगी शाळांचे प्रवेश नोव्हेंबर-डिसेंबरपासूनच सुरू होतात, जूनमध्ये उरलेल्या जागा मिळतात. मुलगी सातवीत, म्हणजे तिला मधल्याच वर्गात जागा हवी. ती जिथं मिळेल, तिच्याभोवती घर शोधा. पहिलीच्या मुलाला जागा मिळणं त्या मानानं सोपं. त्याला आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, 25 टक्के जागांमधून बसवायचं असेल आणि तुम्ही त्या अटींत बसत असाल, तर घरापासून शाळेचं अंतर तिथं थेट मोजलं जातं. जवळच्या लेकरांना आधी जागा. त्यासाठी पत्त्याचा पुरावा लागतो, आणि भाड्याचं घर असेल तर नोंदणी केलेला करार. नुसत्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून भागत नाही. तसंही महाराष्ट्रात अकरा महिन्यांचा करार असला तरी त्याची नोंदणी कायद्यानं सक्तीचीच आहे. घरमालक म्हणेल, "कशाला खर्च?" तुम्ही म्हणा, "अर्धा मी देते." खर्च फार नसतो.

शाळा मनात ठरली की तिथल्या व्हॅनवाल्या काकांना गाठा. माझ्या धंद्यात सगळ्यात खरी माहिती त्यांच्याकडं असते. कोणत्या कॉलनीत पावसाळ्यात गाडी जात नाही, कुठं कुत्र्यांचा त्रास आहे, कोणत्या चौकात अडकायला होतं, ते एका दमात सांगतात. इस्त्रीवाला आणि किराणावालाही चांगले. किराणावाल्याला उधारी कोण ठेवतं हेसुद्धा माहीत असतं, पण ते विचारू नका. पोराला बसवायची ती गाडी शाळेच्या परवान्याची आहे का, एवढं मात्र काकांना विचारा. गॅसच्या रिक्षात बारा लेकरं कोंबून नेणारे अजून आहेत.

एक परीक्षा मी प्रत्येक कुटुंबाला करायला लावते. रात्री साडेआठला त्या रस्त्यावर पंधरा मिनिटं नुसतं उभं राहायचं. क्लासहून एकट्या चालत येणाऱ्या किंवा सायकलवर येणाऱ्या मुली दिसतात का? स्कूटीवर भाजी घेऊन येणाऱ्या बाया दिसतात का? दिसल्या तर तो रस्ता तुमच्या मुलीला दोन वर्षांनीही चालेल. सगळे दिवे लागलेले आहेत, पण रस्त्यावर फक्त पानटपरीभोवतीची पोरं, तर त्या दिव्यांचा उपयोग नाही. पोलीस चौकी किती जवळ आहे, यापेक्षा मी हे जास्त मानते.

एक अवघड गोष्टही सांगून टाकते. फोनवर बरेच घरमालक आधी आडनाव विचारतात, मग मांसाहार करता का ते विचारतात, मग पाहुणे किती येतात ते. मला ते आवडत नाही, पण होतं ते होतं. अशा घरासाठी गयावया करू नका. जो मालक आत येण्याआधी एवढं तपासतो, तो पुढं नळ गळाला तरी तुमचंच तपासणार. शहरात घरं पुष्कळ आहेत.

खरेदीचं आत्ता फार लिहीत नाही. ज्या भागात घर घ्यायचं मनात आहे, तिथंच एक उन्हाळा आणि एक पावसाळा भाड्यानं राहा, मग विचार करा. फक्त एक गोष्ट आत्ताच डोक्यात असू द्या. इथं शहराच्या कडेनं बॉण्डवरचे प्लॉट पुष्कळ विकले गेले. शेतजमिनीचे तुकडे, अकृषिक आदेश नाही, नोंदणी खत नाही, शंभर रुपयांचा बॉण्ड आणि दोन साक्षीदार. गुंठेवारी, म्हणजे असे तुकड्यांचे प्लॉट, नियमित करणारा कायदा 2001 मध्ये आला, 2021 मध्ये त्याची मुदत वाढवून 31 डिसेंबर 2020 पर्यंतची बांधकामं त्यात घेतली. त्यामुळं "गुंठेवारी होऊन जाईल" असं सगळेच सांगतात. झालीय का, तो कागद दाखवा म्हणा. 'होईल' वर बँक कर्ज देत नाही. नव्या स्कीममध्ये घेणार असाल तर महारेराचा, म्हणजे बांधकाम नियामकाचा, नोंदणी नंबर आणि भोगवटा प्रमाणपत्र बघा. सिडकोतलं घर असेल तर जमीन मुळात भाडेपट्ट्याची असते, तिथले हस्तांतरणाचे कागद वेगळे, ते वकिलाकडून बघून घ्या.

लातूर किंवा नांदेडला बदली झालेल्या मैत्रिणींनी हेच सगळं धरलं तरी चालेल, दोन फरकांसह. लातूरला ट्यूशन एरियाच्या जवळ जूनमध्ये भाडी एकदम चढतात, कारण बाहेरगावचे विद्यार्थी येतात. कुटुंबानं मार्च-एप्रिलमध्येच घर धरावं. तिथं 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, म्हणून तिथला माणूस टाकी तुमच्याआधी बघतो. नांदेडला गोदावरीच्या अंगाचं सखल घर पावसाळा बघितल्याशिवाय घ्यायचं नाही.

तुमच्यासाठी माझं मत असं. बसचा थांबा गारखेडा किंवा सूतगिरणीच्या आसपास असेल तर तो पट्टा. बस नसेल तर बजाजनगरमध्ये, पण बाजाराजवळच्या जुन्या भरवस्तीत. कांचनवाडी दोन-तीन वर्षांनी खरेदीच्या वेळी बघा, तोवर तिथली दुकानं वाढलेली असतील.

तीन फेऱ्या करा. एक सकाळी सातला, शाळेच्या वेळेत. एक रात्री. तिसऱ्या फेरीला सासूबाईंना सोबत आणा आणि लिफ्ट चालू असली तरी जिना चढूनच वर जा. लाइट जाते तेव्हा त्यांना तोच वापरावा लागणार आहे. दुसऱ्या वळणावर त्या थांबल्या, तर ते घर राहू द्या, मी दुसरं दाखवते.